अंडी कमी झाली म्हणून कोंबड्या विकू नका

ताई, अंडी कमी झाली म्हणून कोंबड्या विकू का विचारताय, पण आधी घाबरू नका, गावठी कोंबडी १२-१५ अंडी घालते नि खुडूक (अंडी उबवायला) बसते, तेव्हा काही दिवस थांबतेच, त्यात दिवाळीनंतर दिवस लहान झाला की अजून कमी. सुरुवातीला एवढंच बघा:

- खुराड्यात पिसं पडलीत का? मग नवीन पिसं येईपर्यंत अंडं विसरा.
- नुसत्या कण्या घालताय का? नवीन माणसाची हमखास चूक. लेयरचं (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य द्या, नि अंड्याच्या कवचासाठी वेगळ्या वाटीत तिसऱ्या नावाच्या मासळीच्या शिंपल्या, मी धुवून वाळवून पाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या भरडते, त्या बरोबर टिपून खातात.
- पेंढ्यात शोधलंत? आमच्या तांबडीने तिथे ९ अंडी लपवलेली!

पाणी रोज बदला. उजेड वाढवायला बल्ब, औषधं एवढ्यात नकोच, पण कोंबडी मलूल दिसली तर सरळ गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.