अळू की अळूसारखे दुसरे काही? पान उलटून पाहावे

यावल, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतील शेतकऱ्यांनी अळूविषयी तीन प्रश्न विचारले आहेत : विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेले मोठ्या पानांचे झाड खाण्याचे अळू आहे का, काळ्या जमिनीत अरवी (अळूचे कंद) घेता येईल का, आणि पावसाळ्यात पानांवर तपकिरी चट्टे का पडतात.

पहिल्या प्रश्नासोबत आलेला फोटो वरून काढलेला होता. त्यात देठाची जागाच दिसत नसल्याने पान उलटे धरून पुन्हा फोटो पाठवण्यास सांगावे लागले. अळूचा, म्हणजे काही भागांत ज्याला धोपा किंवा चमकुरा म्हणतात त्याचा, देठ पानाच्या खाचेत न जुळता खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो, त्यामुळे वरच्या बाजूला त्या जागी ठिपका दिसतो. शिवाय पानाचे टोक जमिनीकडे झुकते आणि पाणी टाकल्यास त्याचे मोती होऊन घरंगळतात. दुसऱ्या फोटोत देठ थेट खाचेत जुळलेला, पाने चकचकीत आणि टोके आभाळाकडे होती. हे शोभेच्या गटातील झाड आहे, ते खाऊ नये आणि गुरांनाही घालू नये. मात्र देठाच्या खुणेवरून झाड अळूचे आहे एवढेच कळते, ते खाजरे नाही याची खात्री मिळत नाही, कारण नाल्याकाठच्या रानअळूचा देठही तसाच जुळतो. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. म्हणून खात्रीच्या वाणाची पानेही चिंच घालून पूर्ण शिजवावीत आणि चिरताना हाताला तेल लावावे. खाल्ल्यावर ओठ वा घसा सुजल्यास दवाखाना गाठण्यास उशीर करू नये.

लागवडीपूर्वी पाने विकायची की कंद, हे ठरवावे. पानांसाठी ओलसर, काहीशी पाणथळ जागाही चालते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण हरितपर्णी’ हा वाण त्यासाठीच आहे. कंदांसाठी, म्हणजे अरवीसाठी, तापीकाठची भारी काळी जमीन अवघड जाते, कारण पाणी साचले की कंद कुजतात आणि चिकट मातीतून काढणीची मजुरी वाढते. तरीही घ्यायचीच असेल तर भरपूर शेणखत मिसळून उंच वरंब्यावर, जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावी. अंतर ६० × ४५ सेंमी ठेवल्यास एकरी सुमारे १५,००० कंद बसतात. एक कंद ३० ग्रॅमचा धरला तर साडेचार क्विंटल बेणे लागते, हा खर्च अनेकांच्या हिशेबात सुटतो. दीड-दोन महिन्यांनी मातीची भर द्यावी. सहा महिन्यांच्या सुमारास पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडून काढणी करावी.

उन्हाळ्यात सावली मिळते म्हणून केळीच्या ओळींत अळू लावण्याचा विचार काहींनी कळवला आहे. कल्पना मोहाची आहे, पण माझा सल्ला ‘नको’ असाच राहील, कारण अळूवर पोसणारा मावा केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू) हा रोग पसरवतो आणि रावेर-यावल पट्ट्याला त्या रोगाचा पुरेसा अनुभव आहे.

चट्ट्यांबाबत : पानावर गोल, पाणी मुरल्यासारखे डाग पडून त्यांच्या कडेला सकाळी नारिंगी थेंब दिसत असतील, तर तो फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूचा करपा आहे. सतत पाऊस आणि गार रात्री असल्या की तो काही दिवसांत प्लॉटभर पसरतो. डागाळलेली पाने तोडून शेताबाहेर पुरावीत, दाटी कमी करावी आणि त्या प्लॉटमधील बेणे पुढील वर्षी वापरू नये. पाने भाजीसाठी विकायची असल्यास बुरशीनाशक फवारू नये. केवळ कंदांचे पीक असेल तर बाधित पानांसह सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) प्रत्यक्ष भेटूनच औषध ठरवावे.