कोल्हापुरातल्या बालवाडीत ऋतूंप्रमाणे वर्षभर काय काय घेता येईल?

तुम्ही लिहिलंय की जूनपासून कोल्हापुरात बालवाडीचा वर्ग घेणार आहात, तीन ते पाच वर्षांची 24 मुलं आहेत, मदतीला एक ताई आहेत, आणि 'ऋतूंचे उपक्रम' म्हणून नेटवर शोधलं तर कापसाचा बर्फाचा माणूस आणि लाल-पिवळी पानगळ एवढंच सापडतं. तो कापूस कपाटात राहू द्या. इथं जूनमध्ये पोरांच्या चपलांना जे लागून वर्गात येतं, तिथूनच वर्ष सुरू करा.

आधी एक ठरवून टाका: रोज नवा उपक्रम नको. ऋतूला एक-दोनच वस्तू धरा (पाऊस, माती, बी, ऊस, ऊन) आणि प्रत्येक दोन-तीन आठवडे चालवा. तीन वर्षांचं मूल पहिल्या दिवशी माती नुसती दाबून बघतं, दुसऱ्या दिवशी बोट खुपसतं, चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं काहीतरी करायला लागतं. रोज साहित्य बदललं की ते कायम पहिल्या दिवसावरच अडकतं. शिवाय 24 जणांना एकदम बसवू नका. सहा-सहाचे चार गट करा. एक तुमच्यापाशी, एक ताईंपाशी, बाकीचे ठोकळे आणि चित्रांच्या पुस्तकांवर. पंधरा मिनिटांनी गट बदला. एका दिवसात चारही गट झालेच पाहिजेत असं काही नाही.

जून-जुलैसाठी पर्जन्यमापक घ्या. एक लिटरची, मधे कंबर नसलेली सरळ बाटली आणा. वरचा निमुळता भाग तुम्ही कापा, उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा आणि कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं कापतात. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, त्यामुळे तळापासून मोजलेली उंची चुकते. म्हणून तळाशी खडे टाका, बाटली सरळ सुरू होते तिथवर पाणी घाला आणि तिथं रेघ मारा. ती शून्याची रेघ. खड्यांमुळे बाटली वाऱ्यानं कलंडतही नाही. ती उघड्यावर ठेवा. पत्र्याच्या पागोळीखाली किंवा झाडाखाली ठेवली तर आकडा भलताच येतो.

रोज ठरलेल्या वेळी, समजा अकराला, एका मुलानं निळ्या कागदाची पट्टी बाटलीला लावायची, शून्याच्या रेघेपासून पाण्याच्या उंचीइतकी कापायची आणि भिंतीवरच्या लांब कागदावर कालच्या पट्टीशेजारी चिकटवायची. नंतर पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं. उघडीप पडली की पाणी उडून रेघेखाली जातं, तेव्हा थोडं भर घाला. सोमवारची पट्टी दोन दिवसांची असते, ती वेगळ्या रंगाची लावा. महिनाअखेरीस भिंतीवर पावसाचा आलेख उभा असतो आणि त्यात मिलिमीटर हा शब्दही आलेला नसतो. 'आज जास्त की काल?' एवढंच विचारा.

जुलैअखेरीस घरोघरी 'पाणी किती फुटांवर आलं?' हीच चर्चा असते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे आकडे मुलांच्या कानावर पडलेले असतात. मोठ्या गटाला, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांना, सांगायला हरकत नाही की नदीलाही आपल्या बाटलीसारख्या रेघा असतात. पण 'तुमच्या घरात पाणी आलं होतं का?' हा प्रश्न गोलात बसवून विचारू नका. ज्यांनी घर सोडलेलं असतं, त्यांना तो जड जातो. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या.

आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, येतो. आपल्याकडे पोळ्यापर्यंत थांबायची गरजच नाही, आणि कुंभार गल्लीत मातीच्या बैलजोड्या लागल्या की मुलं आपणहून त्यांच्याबद्दल बोलायला लागतात. माती कुंभाराकडून मळलेलीच आणा. नुसती काळी माती वाळताना फार आकसते आणि भेगाळते. शाडूची पूड वर्गात कालवू नका, धूळ उडते. एका मुलाला साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे मध्यम पेरूएवढा गोळा. 24 जणांना पाच किलो पुरते, उरलेली ओल्या पोत्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवा.

बैलाचे पाय हमखास तुटतात, कारण ते वेगळे करून नंतर चिकटवलेले असतात. त्याऐवजी गोळ्याचं जाड वांगं करायला सांगा आणि खालून चिमटीनं चार पाय *ओढून* काढा, वरून एक चिमूट घेतली की वशिंड. शिंगं आखूड आणि जाडच हवीत. पातळ भाग आधी वाळतो, आकसतो आणि जाड अंगापासून सुटतो. काही चिकटवायचंच असेल तर दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढा आणि पातळ चिखल लावून दाबा. कोरड्यावर कोरडं बसत नाही. वाळवण सावलीत, आणि पावसाळी हवेत आठवडा धरा. पूर्ण वाळल्यावर गेरू आणि खडूची पूड कालवून रंगवा. चुना मात्र मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

तीन वर्षांच्या मुलाचा बैल बैलासारखा दिसणार नाही. दिसला तर समजावं, बाईंनी केलाय. हात धुवायला दोन बादल्या ठेवा, पहिलीत चिखल काढायचा, दुसरीत धुवायचे. थेट मोरीत सोडलं तर मोरी तुंबते.

गणपतीत पत्री येते, तेव्हा पानांचे ठसे घ्या: शिरांची बाजू वर, त्यावर पातळ कागद, क्रेयॉन आडवा घासायचा. कागद चार कोपऱ्यांना चिकटवा, नाहीतर सरकून चित्र दुहेरी येतं. रुई आणि धोतरा वर्गात आणू नका. रुईचा चीक डोळ्याला वाईट आणि धोतरा विषारी.

नवरात्रात दोन पत्रावळी घ्या. प्रत्येकीत बोटभर माती आणि रात्रभर भिजवलेले गहू व ज्वारी. एक पत्रावळ खिडकीत, दुसरी टोपलीखाली अंधारात. रोज हातानं शिंपडून पाणी, तांब्यानं ओतायचं नाही, कारण पाणी साचलं की बी कुजतं आणि तिसऱ्या दिवशी वास येतो. आठवड्यानंतर टोपली उचलली की खालची रोपं फिकट पिवळी आणि जास्त उंच, खिडकीतली हिरवी आणि ठेंगणी. 'उंच ती चांगली का?' यावर मोठा गट दहा मिनिटं भांडतो. भांडू द्या. मग पिवळी पत्रावळ खिडकीत ठेवा, एक-दोन दिवसांत ती हिरवी होऊ लागते.

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी किल्ला घ्यायचा असेल तर विटांवर चिखलात बुडवलेलं पोतं पसरा आणि वर अळीव टाका. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, म्हणून सुट्टीच्या आठवडाभर आधी पेरा. पन्हाळा मुलांना माहीत असतो, प्लास्टिकचा आयता किल्ला विकत आणू नका.

थंडीत ऊस. गुऱ्हाळावर न्यायचं असेल तर आधी एकट्यानं जाऊन काहील (रस उकळायची मोठी कढई) केव्हा उतरवतात ती वेळ विचारून या आणि मुलांना त्या वेळी तिथं नेऊ नका. उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून भाजतो. पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं, म्हणजे तुम्ही आणि ताई धरून आणखी तीन पालक लागतील. चुलवणापासून (काहिलीखालच्या भट्टीपासून) लांब दोरी धरून उभं राहायचं. बघण्यासारखं तीन ठिकाणी असतं: घाण्यातून पडणारा रस, उन्हात पसरलेली चिपाडं आणि वाफ्यात ओतलेला गूळ. चिपाडंच पुढं चुलवणात जातात, हे मोठ्या गटाला सांगा. आदल्या दिवशी वर्गात ऊस, काकवी आणि गूळ चाखायला द्या, म्हणजे तिथं गेल्यावर धागा जुळतो. चार वर्षांखालच्यांना ऊस चावायला देऊ नका, चोथा घशात अडकतो. त्यांना काकवीचं बोट पुरे. उसाच्या कांडीचं टोक ठेचून धुऊन वाळवलं की रंगकामाचा जाड ब्रश होतो. न धुता ठेवलात तर सकाळी वर्गात मुंग्यांची रांग.

उन्हाचा उपक्रम याच दिवसांत बसतो, कारण अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव (मावळतीचं ऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतं तो सोहळा) नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस असतो आणि घरी त्याची चर्चा होते. खिडकीतून भिंतीवर पडणाऱ्या उन्हाची कडा दर सोमवारी त्याच वेळी खडूनं आखा, बाजूला तारीख लिहा. डिसेंबरअखेरीस सरकणं मंदावतं, मग कडा उलट फिरते. खिडकीतली कुंडी किंवा पडदा मधेच हलवलात तर सगळं फसतं.

संक्रांतीचा तिळगूळ घरीच पुरेसा होतो. रंगपंचमीला मात्र पळसाची फुलं आणा: दोन मुठी फुलं एक लिटर गरम पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून केशरी पाणी. कपड्यांवर डाग राहतो, आधी पालकांना कळवा.

एप्रिलमध्ये सुट्टीपूर्वी दोन लहान माठ घ्या. एकाला तुम्ही बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्या, दुसरा तसाच ठेवा. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून घ्या. दोन्हींत सारखंच पाणी भरून, शेजारी शेजारी, वाऱ्याच्या खिडकीत. दुसऱ्या दिवशी मुलांना दोन्हींना गाल लावायला सांगा. साधा माठ ओलसर आणि गार, रंगवलेला कोरडा आणि कोमट, कारण छिद्रं बुजल्यानं पाणी झिरपत नाही आणि उडतही नाही. रंगवलेल्यातलं पाणी प्यायला देऊ नका, झाडांना घाला. हे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. वळीव पडायला लागले की हवा दमट होते आणि दोन माठांतला फरक गालाला कळेनासा होतो.