पहिल्यांदाच मैत्रिणींना कशिद्याला बोलावतेयस ना?

अगं, पहिल्याच वेळी दहाजणी नकोत. चौघी-पाचजणी पुरे, म्हणजे सगळ्यांना खिडकीजवळचा उजेड मिळतो. दुपारी तीनला बसा. बेळगावच्या पावसाळ्यात पाचनंतर धागे मोजताना डोळे ताणतात.

कसुतीच घ्या, म्हणजे धागे मोजून भरायचा आपला कर्नाटकी कशिदा. आपल्या आज्यांच्या इरकलींवर तीच असायची, मला तिचं फार अप्रूप आहे. पण नवशिक्यांच्या हातात इरकल देऊ नकोस, मॅटीचं कापड दे. त्याची घरं सहज मोजता येतात. सहापदरी धाग्यातले दोनच पदर, हातभर लांबीचे. जास्त घेतले की गुंता ठरलेला. सुरुवात गवंती टाक्याने: जाताना एकाआड एक टाका, परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही, टोक टाक्यांखाली दडवायचं, मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मला हे जमायला महिना लागला होता. म्हणून कुणाचं उसवावं लागलं तर शेजारी बसून तिच्याबरोबर मोज. तुळशीवृंदावनाची नक्षी पहिल्या दिवशी नकोच, छोटी चांदणी होऊ दे.

मधे खायला काही ठेवू नकोस, तेलकट बोटं कापडाला लागतात. गोड म्हणून कुंदा शेवटी, कापड ताणायच्या रिंगा बाजूला ठेवल्यावर. आणि सगळ्याजणी उठण्याआधी सुया मोजून घे, तुझ्या घरात रांगतं बाळ आहे.