सुट्टीनंतरचे पंधरा दिवस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन आठवडे मैत्रिणींबरोबर प्रवास, मग महिनाभराचं पक्षी-अभ्यासाचं शिबिर, आणि उरलेले दिवस पुन्हा त्याच मैत्रिणींच्या घरी. कुठे गेलीस, काय पाहिलंस, सगळं ओळीनं लिहिलं आहेस. आणि शेवटी विचारलंस, "सर, सुट्टी छान गेली, पण हाती काय लागलं ते सांगता येत नाही. वर्गातल्या इतरांनी इंटर्नशिप केली. मी नुसतीच भटकले का?"

पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे. "एका स्टेशनवर अख्खी रात्र काढावी लागली, ते वेगळंच." लगेच पुढच्या ओळीत तू दुसऱ्या गावाला पोचलेली. मी मात्र त्या स्टेशनवरच थांबलो आहे.

तू नुसती भटकलेली नाहीस. पण हाती काही लागलं नाही असं वाटतंय तेही खोटं नाही, कारण सुट्टीत मिळालेलं अजून तू ताब्यात घेतलेलं नाहीस. ते काम आता करायचं असतं, परतल्यावर, आणि त्याला मुदत असते. माझ्या अंदाजानं पंधरा दिवस.

मुदतीचं मी इतकं का मनावर घेतो ते सांगतो. माझ्या कपाटात तुझ्या वयाचा असतानाची एक वही आहे. आम्ही चौघं मित्र सुट्टीत पायी भटकायला निघालो होतो आणि रोज लिहायचं असं मी ठरवलं होतं. पहिल्या तीन दिवसांचं अक्षर नेटकं आहे. किती वाजता निघालो, कुठे बसलो, कुणाला बूट चावला. चौथ्या दिवशी नदी ओलांडताना वही भिजली, त्या पानावर शाई पसरली आहे. पाचव्या पानावर एकच ओळ, खाली दोनदा रेघ मारलेली: "पुलावरचा म्हातारा. त्याचं बोलणं विसरायचं नाही." पुढे सगळी पानं कोरी. घरी गेल्यावर निवांत लिहू असं मनात होतं.

आज मला तो पूल आठवतो. कठड्याचा रंग उडाला होता, म्हातारा त्याला टेकून उभा होता, आम्ही पाठीवरच्या पिशव्याही न उतरवता ऐकत होतो. तो काय बोलला ते गेलं. बाकीच्या तिघांना मी वेगवेगळं विचारून पाहिलं. एकाला म्हाताराच आठवत नाही. काही मोलाचं असल्याशिवाय मी दोनदा रेघ मारली नसती. अजूनही ती वही उघडली की जीव हळहळतो.

हे असं का होतं याचा छडा हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून लावला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि काही काळानं तीच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. तासाभरातच पहिल्या पाठांतराचा निम्म्याहून अधिक फायदा गेलेला असे. एका दिवसानंतर साधारण एक-तृतीयांश उरे, महिन्यानंतर पाचवा हिस्सा. घसरण सुरुवातीलाच सगळ्यात जास्त, मग ती मंदावते. तुझा प्रवास म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, त्यामुळे तो इतक्या झपाट्यानं पुसला जाणार नाही. गावांची नावं राहतील, फोटोतली दृश्यं राहतील. ज्यांना धरायला आधार नसतो त्या गोष्टी आधी जातात. कोण काय बोललं, कोणत्या क्रमानं काय घडलं, एखाद्या जागी नेमकं काय वाटलं.

तू शिबिरात पक्षी शिकून आलीस, म्हणून पक्ष्यांचीच गोष्ट सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबर १८३५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन 'बीगल' बोटीच्या प्रवासात पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर होता. वय सव्वीस. तिथल्या कासवांवरून ती कोणत्या बेटावरची हे ओळखता येतं, असं तिथल्या एका अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं होतं. त्याकडे त्यानं तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही. दोन बेटांवरून जमवलेले नमुने तोवर काही प्रमाणात एकत्रही करून टाकले होते. परत आल्यावर १८३७ च्या जानेवारीत जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानं ते पक्षी तपासले आणि एकमेकांपासून अगदी वेगळे दिसणारे ते छोटे पक्षी फिंचांच्याच, म्हणजे दाणे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या, जवळच्या नात्यातल्या जाती असल्याचं सांगितलं. आता प्रश्न आला की कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा? डार्विनच्या कित्येक फिंचांवर ती नोंदच नव्हती. मग कॅप्टन फिट्झरॉय आणि बोटीवरच्या इतर सहकाऱ्यांनी जमवलेल्या नमुन्यांचा आधार त्याला घ्यावा लागला. त्यांच्या नोंदी जास्त काटेकोर होत्या.

एवढा बारकाईनं पाहणारा माणूस, प्रवासभर खिशात टिपणवह्या बाळगणारा. त्याच्याही हातून बेटाचं नाव लिहायचं राहिलं, कारण ते महत्त्वाचं आहे हे त्या दिवशी ठाऊक नव्हतं. म्हणून तुला सांगतो, काय महत्त्वाचं ते ठरवत बसू नकोस. जागा, दिवस, माणूस एवढं प्रत्येक गोष्टीला जोडून ठेव. अर्थ पुढे लागेल.

तो कधीकधी फार उशिरा लागतो. डार्विनचीच आणखी एक सुट्टी आहे, मला सगळ्यात आवडणारी. १८३१ चा उन्हाळा. केंब्रिजची परीक्षा झालेली, वय बावीस, पुढे काय करायचं ते नक्की नाही. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टची प्रवासवर्णनं वाचून त्याला अटलांटिक महासागरातल्या तेनेरीफ बेटावर जायचं वेड लागलं होतं. बरोबर कोण येणार ते ठरत होतं, तो स्पॅनिशही शिकायला लागला होता. त्या बेतातला एक सोबती, रॅम्झी, जुलैअखेर वारला आणि बेत बारगळला. ऑगस्टमध्ये तो भूविज्ञानाचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरांत खडक पाहायला गेला. कूम इडवल नावाच्या दरीत दोघांनी तासन् तास जीवाश्म शोधले. सगळीकडे हिमनदीनं घासलेले, ओरखडलेले खडक होते, तिनं आणून टाकलेले धोंडे होते. दोघांपैकी एकालाही ते दिसले नाहीत. पुढे १८४० मध्ये लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञाचा हिमनद्यांवरचा ग्रंथ आला, आणि १८४२ मध्ये डार्विन पुन्हा त्या भागात गेला तेव्हा त्याच खुणा त्याला लख्ख दिसल्या. जळून गेलेलं घरही आपली कथा इतक्या उघडपणे सांगणार नाही, अशा अर्थाचं त्यानं नंतर लिहून ठेवलं आहे.

त्या ऑगस्टअखेर तो घरी परतला तेव्हा केंब्रिजचे त्याचे प्राध्यापक हेन्स्लो यांचं पत्र येऊन पडलं होतं. 'बीगल' बोटीवर जागा आहे, जाशील का? सेजविकबरोबरच्या त्या थोड्या दिवसांत तो दगड वाचायला शिकला होता. ती विद्या त्याला पुढची पाच वर्षं पुरली. तेनेरीफचं म्हणशील, तर जानेवारी १८३२ मध्ये बोट त्या बेटापाशी पोचलीही, पण कॉलऱ्याच्या भीतीनं बारा दिवस उतरू देणार नाहीत असं कळलं आणि कप्तानानं शिडं फिरवली. डार्विननं ते बेट बोटीवरूनच पाहिलं. तूही लिहिलं आहेस की ठरवलेलं अर्धं राहून गेलं. राहू दे.

आता तुझ्या कामाकडे येतो. रोज एक तास बस आणि एका बैठकीत एकच दिवस लिही. सुरुवात शरीरापासून कर. त्या दिवशी कुठे बसली होतीस, ऊन कोणत्या बाजूनं येत होतं, खांद्याला काय टोचत होतं. तिथून दोर धरला की बाकीचं आपोआप वर येतं. भाषा चांगली हवी असं काही नाही, अर्धी वाक्यं चालतील. मात्र फोन बाजूच्या खोलीत ठेव. आधी आठवून लिही, फोटो नंतर उघड. फोटो आधी पाहिलेस तर तू फोटोतलंच लिहिशील. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले होते, त्यांचे तपशील नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिले. एखादा भाग जवळून टिपला, तेव्हा मात्र हे नुकसान झालं नाही. तुझ्या आठशे फोटोंपैकी जवळून टिपलेले वेगळे काढ, बहुधा पंचवीस-तीस निघतील, आणि त्यांच्याखाली दिवस व जागा लिही. बाकीचे राहू देत.

शिबिराच्या वहीबद्दल थोडंच सांगतो. ती पुन्हापुन्हा वाचू नकोस. मिटून ठेव आणि कोऱ्या कागदावर आठवतील तेवढे पक्षी लिही. आवाज कसा, चोच कशी, उडताना ओळखायची खूण कोणती. अडलं की मग वही उघड. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि सकाळी वीस मिनिटं जवळच्या कोणत्याही झाडाखाली उभी राहा. दुर्मीळ काही दिसणार नाही, पण कान शाबूत राहील.

मैत्रिणींचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला काळजी तिथेच वाटते.

जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं २०१८ मध्ये एक अंदाज मांडला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण पन्नास तासांचा सहवास लागतो, मैत्री व्हायला नव्वद, आणि जिवलग मैत्रीला दोनशेहून जास्त. एकत्र काम करण्यात गेलेले तास तितकेसे धरायचे नाहीत. बरोबर हिंडणं, गप्पा, नुसतं पडून राहणं हे तास खरे. तुमचे तीन आठवडे मोज. रोज जागेपणीचे चौदा तास धरले तरी जवळपास तीनशे होतात. वर्गात शेजारी बसून अख्ख्या वर्षात एवढे मिळत नाहीत. "हाती काय लागलं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे, आणि तू ते पत्रात "मज्जा आली" या दोन शब्दांत उरकलंस.

पण हे तासही वापरावे लागतात. परतल्यावर आठवडाभर ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो, मग हळूहळू शांतता. तशी वेळ येऊ देऊ नका. महिन्यातला एक ठरावीक दिवस आत्ताच बांधून घ्या, कुणाला जमो न जमो. आणि जिच्याशी शेवटच्या दिवसांत बिनसलं असं तू ओझरतं लिहिलंस, तिला या पंधरा दिवसांत एकटीनं जाऊन भेट. ग्रुपवर नको, फोनवरही नको. प्रवासातली भांडणं थकव्याची असतात, सामानाची, उशिराची. ताजी आहेत तोवर त्यांचं मूळ दोघींनाही दिसतं. शिळी झाली की मूळ विसरतं आणि अढी तेवढी उरते. माझ्या त्या चौघांतला एक मित्र असाच गेला. वाट चुकल्यावर दोष कुणाचा यावर आम्ही तासभर वाद घातला, कॉलेज सुरू झालं की होईल ठीक असं दोघांनीही धरून चाललो. पुष्कळ वर्षांनी एका गर्दीत समोरासमोर आलो. तब्येत विचारली, मुलांचं विचारलं आणि आपापल्या वाटेनं निघून गेलो. पुलावर तो माझ्या शेजारी उभा होता. मी विचारलेल्या तिघांत तोही होता, त्याच गर्दीत विचारलं. "काहीतरी बोलला होता खरा," एवढंच म्हणाला. आम्ही बोलते राहिलो असतो तर कदाचित दोघांनी मिळून आठवलं असतं.

इंटर्नशिपचं मनाला लावून घेऊ नकोस. ती पुढच्या वर्षी करता येईल, कर. हे तीनशे तास पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.

आज रात्री सुरुवात कर, आणि पहिलं पान मला पाठव. ते त्या स्टेशनचं हवं. गाडी चुकल्याचं किती वाजता कळलं, आधी कोण चिडलं, आधी कोण हसलं. बाकावर जागा किती जणींना मिळाली. दिवे चालू होते का. कोण झोपलं आणि कोण सामान राखत जागं राहिलं. तू जागी असशील तर पहाटे पहिला आवाज कोणत्या पक्ष्याचा आला, तेव्हा तुला त्याचं नाव येत नसेल, आता येत असेल. जिच्याशी बिनसलं ती त्या रात्री कुणाशेजारी बसली होती, तेही लिही.

वाट पाहतो आहे.

तुझे,
सर