नवी पेट्रोल थार 8 देतेय? आधी टाकी ते टाकी मोजा

जुनी डिझेल थार लिटरला 12 किमी द्यायची, नवी टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक 8 वरच अडकलीय, फॉल्ट आहे का असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाहीये. इंदूरात पलासिया ते भंवरकुआँ रोजची ये-जा, सिग्नल, एसी, यात 8-9 ठीकच आहे.

पिढी बदलली की ॲव्हरेज वाढेल असं वाटतं, पण थारमध्ये इंजिन सुधारलं तशी पॉवरही वाढली, जुन्या सीआरडीई डिझेल इंजिनाला 105 बीएचपी, 2020 च्या पेट्रोलला 150, आणि आकार तोच डब्यासारखा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, माझी जुनी थार बायपासवर 80 ला 13 द्यायची आणि 110 ला 10 पण मुश्किल. हलक्या पेट्रोल गाड्यांत मात्र पिढीचा फायदा खरंच दिसला, जिप्सी टनभराची तरी माझ्याकडे 10 च्या वर कधी गेली नाही, आता मारुतीचीच जिम्नी तिच्याहून जड असून शहरात 12-13 आणि मांडूला जाताना 15 देते (कंपनीचा आकडा मॅन्युअलला 16.94).

डिझेलच्या लिटरात ऊर्जाच दहाएक टक्के जास्त, शिवाय पेट्रोलसारखी थ्रॉटलने (हवेच्या झडपेने) हवा अडवावी लागत नाही, म्हणून ट्रॅफिकमध्ये फरक फार जाणवतो. टर्बो पेट्रोलवर जोरात पाय दिला की उलट, आतलं तापमान आवरायला ते जास्तीचं पेट्रोल ओढतं.

टायर बदललेत का? 5% मोठे घातले असतील तर ओडोमीटर 100 चे 95 च दाखवतं, म्हणजे हिशोबच चुकला. स्क्रीनवरचा आकडा सोडा, एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत भरा, 300-400 किमी चालवा, परत तिथंच भरा, असं तीनदा. 6 वगैरे आलं तर ब्रेक चिकटतोय का बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर तेच. जिप्सीत मी दोन महिने कार्ब्युरेटर खोलत बसलो आणि निघाला मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक! कोरड्या डांबरावर 4 हाय (चारही चाकांना ताकद) नको, आणि चोरलच्या चिखलात 4 लो (तेच, पण खालच्या गिअरात) लावलं त्या दिवसाचं ॲव्हरेज काढूच नका.

डिझेल घ्यायची का? तुमचं महिन्याला 600 किमी, 8.5 आणि 11.5 धरले तरी 18-19 लिटरचा फरक. पण सगळ्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या, त्यात बीएस6 डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नीट साफ होत नाही, भरत जातो. मी तुमच्या जागी पेट्रोलच ठेवली असती. तीन टाक्यांचे आकडे आले की सांगा, मग बघू.