‘परिणाम नगण्य’ लिहिलेला अहवाल हातात आला की आधी नकाशा काढा

तुमची पोस्ट वाचून जुनी डोकेदुखी पुन्हा उठली. समुद्रातल्या पवनचक्क्यांचा प्रस्ताव, चौदाशे पानी पर्यावरण अहवाल, हरकतींसाठी तीस दिवस, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘परिणाम नगण्य’ आणि शेजारी आणखी तीन प्रकल्प रांगेत. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय तुम्ही.

पहिल्या पानापासून तर अजिबात करू नका. सर्वेक्षण पद्धतीचं प्रकरण काढा आणि नकाशावर पट्टी ठेवून प्रकल्पाचं क्षेत्र आणि तुलनेचं क्षेत्र (म्हणजे प्रकल्पाचा परिणाम पोचत नाही असं धरून फरक बघायला निवडलेला समुद्राचा भाग) यांच्यातलं अंतर मोजा. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. पक्ष्यांचे तक्ते उलटसुलट तपासले, अंतर मात्र मोजलं नाही. ते जेमतेम पाच किलोमीटर होतं.

पाच का चालत नाही? डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह २ या समुद्री पवनचक्की प्रकल्पात पायाचे पोलादी खुंट ठोकताना हार्बर पॉर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनचे छोटे भाऊबंद, सुमारे १८ किलोमीटरपर्यंत कमी झालेले आढळले. जर्मनीच्या उत्तर समुद्रात लाल गळ्याचे लून पक्षी उभ्या पवनचक्क्यांपासून १० किलोमीटरहून जास्त अंतरावरही विरळ झालेले दिसतात. म्हणजे पाच किलोमीटरवरचं तुलनेचं क्षेत्र स्वतःच बाधित. समजा, आत २०० चे १२० पक्षी झाले आणि ‘बाहेर’ २०० चे १३०. अहवाल दोन्हींतला फरक घेतो आणि प्रकल्पामुळे फक्त १० पक्षी घटले असं सांगतो. बाकीच्या ७० चं खापर हवामानावर. उलटही होतं बरं का. आतून हुसकलेले पक्षी तुलनेच्या क्षेत्रात जाऊन बसले तर नुकसान फुगून दिसतं. म्हणून एकाच तुलनेच्या क्षेत्रापेक्षा १, २, ५, १०, २०, ३० किलोमीटर अशा चढत्या अंतरांवर नोंदी मागा. परिणाम कुठे विरतो ते त्यातूनच कळतं.

दुसरं म्हणजे ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ हे वाक्य. समुद्री पक्ष्यांच्या मोजण्या ०, ३, ०, ४१०, २७ अशा येतात. एका थव्याने सरासरी पार फिरते. अशा आकड्यांतून निम्मे पक्षी नाहीसे झाले तरी गणिताला पत्ता लागत नाही. ‘या सर्वेक्षणातून कमीत कमी किती टक्के घट पकडता आली असती?’ हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर ‘साठ टक्के’ आलं तर ‘नगण्य’ या शब्दाची किंमत कळेल. आणि एकाच वर्षाच्या नोंदींवर उभा असलेला अहवाल मी तरी मान्य करणार नाही. दोन वर्षं, दर महिन्याला, हे किमान.

यासाठी कच्चा डेटा लागतो, आणि तो पहिल्याच दिवशी मागा. ज्या कार्यालयाकडे तो असतो (नाव घेत नाही) तिथून तीनदा मागूनही स्तंभालेखांच्या स्कॅन केलेल्या प्रती आल्या, तोवर मुदत सरली. अर्जात नेमकं लिहा: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, कापलेलं अंतर, समुद्राची स्थिती, प्रजाती, संख्या, आणि शून्याच्या ओळी. शून्याच्या ओळी गाळलेला डेटा निरुपयोगी. कुठे शोधूनही काही दिसलं नाही हे त्यातच असतं.

आवाजाच्या प्रकरणात आकडे फसवतात. खुंट ठोकण्याच्या आवाजाला जर्मनीची मर्यादा खुंटापासून ७५० मीटरवर एका ठोक्याच्या ऊर्जेसाठी १६० डेसिबल आणि शिखर दाबासाठी १९० अशी आहे. दोन्ही मापं वेगळी, त्यांची आपसात तुलना करायची नाही. हवेतल्या डेसिबलशी तर मुळीच नको. हवेतल्या आणि पाण्यातल्या मोजणीच्या संदर्भ पातळ्या वेगळ्या, शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट, त्यामुळे तीव्रता सारखी असली तरी पाण्यातला आकडा सुमारे ६२ ने मोठा दिसतो. शिवाय खुंटाला काही हजार ठोके बसतात. १६० चे ४,००० ठोके एकाच जागी थांबलेल्या प्राण्यासाठी एकत्र मोजले तर १९६ होतात. अहवालात प्राणी किती वेगाने पळून जातो असं धरलंय ते बघा, सगळी मेख तिथे असते.

आवाज दाबायला खुंटाभोवती तळाशी छिद्रांची नळी टाकून हवा सोडतात, बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो. चांगला उपाय आहे, पण प्रवाह जोरात असला की पडदा वाहून तिरका होतो आणि खोली वाढली की बुडबुडे दबून परिणाम घटतो. ‘पडदा वापरला जाईल’ एवढं पुरेसं नाही. किती प्रवाहापर्यंत, किती हवा, आणि मर्यादा ओलांडली तर हातोडा थांबवायचा अधिकार कोणाचा?

पक्षी पात्यांना धडकण्याच्या हिशेबात ‘टाळण्याचं प्रमाण’ शोधा, म्हणजे धडकेच्या वाटेवरचे किती पक्षी वळून वाचतात असं धरलंय ते. ९८ टक्के धरलं की १०० तले २ धडकतात, ९९ धरलं की १. एका टक्क्याने मृत्यू निम्मे. हा आकडा कुठून घेतला हे न सांगणारा तक्ता सरळ बाजूला ठेवा.

आता शेजारचे तीन प्रकल्प. प्रत्येक जण आपले मृत्यू अख्ख्या प्रदेशातल्या पक्ष्यांच्या संख्येशी ताडतो, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर नगण्यच. वर आधी उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या ‘सद्यस्थिती’ म्हणून मोजतात, म्हणजे त्यांचं नुकसान हिशेबातून गायब! चारही प्रकल्पांचे आकडे एका तक्त्यात मागा. ठोकणीचं वेळापत्रकही मागा: एकामागून एक ठोकलं तर त्रास वर्षानुवर्षं, एकदम ठोकलं तर काळ कमी पण पळायला जागा उरत नाही. प्रजननाचे महिने बघून यातलं काय बरं ते ठरतं.

केबलच्या चुंबकीय क्षेत्रावर फार वेळ घालवू नका. केबल मीटर-दीड मीटर गाडलेली असली तर क्षेत्र काही मीटरांत ओसरतं. खरा प्रश्न खडकावर न गाडता टाकलेल्या भागांचा. पवनचक्क्यांच्या पाण्यातल्या खुंटांवर शिंपले वाढतात, मासे जमतात, तळ खरवडणारी जाळी बंद होतात, हे फायदेही खरे आहेत. ते नाकारू नका. वाळूच्या तळावर ती नवीच वस्ती असते, एवढं नोंदवा.

आणि ‘पवनचक्क्यांनी देवमासे मरतात’ हे हरकतीत कृपा करून लिहू नका. पुराव्याविना ते एक वाक्य घातलं की तुमचे बाकीचे चांगले मुद्देही त्याच टोपलीत जातात.

मी वकील नाही. मुदत आणि नमुन्याबाबत तिथले नियम बघा. माझा अनुभव उथळ, वाळूच्या तळाचा आहे, खोल पाण्यातल्या तरंगत्या पवनचक्क्यांना यातलं बरंच लागू नाही. नकाशावरचं अंतर मोजलंत की इथे टाका, मग पुढचं बोलू.