पात्यावरचे बारीक डाग

भाऊ, कोयत्याच्या पात्यावर खड्डा दिसला की लगेच ग्राइंडर लावू नकोस. आधी तो धारेपासून किती लांब आहे ते बघ. पाठीजवळचा हातोड्याचा ठसा खुशाल राहू दे. रावेर-यावलकडे केळीचे घड उतरवणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही.

चिरेचं मात्र तसं नाही. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केल्यावर, पात्याला रॉकेल लाव, कोरडं पूस आणि वर खडूची पूड चोळ. चीर असेल तर थोड्या वेळात काळी रेघ उमटते. असं पातं मोडीत टाक, कितीही जीव तुटला तरी. कामात ते मोडलं तर कुणाचा तरी हात जाईल.

ओरखडे पॉलिश पेपरनं जातात. १२० नंबर आडवा, २२० उभा, ४०० पुन्हा आडवा, म्हणजे आधीचा राहिलेला ओरखडा लगेच दिसतो. घाई इथेच नडते. मशीनवर घासताना पातं सारखं पाण्यात बुडव. धार निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समज.

बाभळीच्या मुठीतली फट त्याच लाकडाचा भुसा अ‍ॅराल्डाइटमध्ये कालवून भर.